पेन्सिलीने लिहिलेलं नाव

उनाइसीने बाबाकाऊ तोंडाशी नेला, पण तो तोंडात गेलाच नाही.

नुकताच तळणीतून निघालेला, गरम, फुगलेला, मैद्याचा बाबाकाऊ. फिजीतल्या सुवाच्या बसस्टँडवर सकाळपासून झिमझिम चालू होती. पोटात कावळे ओरडत होते. तळणाऱ्या मावशींनी सहज विचारलं होतं, "कुठली गं तू?" आणि तिने रेवा नदीच्या मुखाशी, खारफुटीत वसलेल्या आपल्या गावाचं नाव सांगितलं होतं. पुढच्या क्षणी मागून एक हात आला आणि घास उचलून घेऊन गेला.

ती गर्रकन वळली. रुंद खांद्यांचा, भिजल्या केसांचा एक मुलगा उभा होता. कानावर पेन्सिलीचा तुकडा, गालात अर्धा बाबाकाऊ.

"चोरा!"

"चोर कसला? मी कोरो बेटावरचा," घास गिळत तो म्हणाला आणि त्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं.

उनाइसीचा राग जागच्या जागी विरला. विरावाच लागला. त्याचं गाव आणि तिचं गाव ताउवू होती. कोण्या काळी दोन्ही गावांचा मूळपुरुष एक होता म्हणे. तेव्हापासून रीत अशी की ताउवूने ताउवूला वाटेल ते बोलावं, त्याची वस्तू न विचारता उचलावी आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला.

"चिखलात बसून खेकडे खाणाऱ्यांना तळलेलं पचत नाही," तो म्हणाला. "तुझी काळजी म्हणून घेतला."

"आणि तुम्ही बेटावरचे! डोक्यात नारळ पडून पडून जी काय होती ती अक्कलही गेली तुमची."

"बघ, लगेच ओळखलंस. मी इसिकेली."

मावशी खो खो हसल्या आणि त्यांनी तिच्या हातात दुसरा बाबाकाऊ ठेवला. दोघं एकाच बसमध्ये चढली, एकाच थांब्यावर उतरली, टेकडी चढून एकाच दारापाशी आली.

"माझा पाठलाग करतोस?"

"पुढे मी चालतोय. पाठलाग तू करते आहेस."

दारावर पाटी होती. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा, पहिलं वर्ष.

*

पुढचे सात महिने इसिकेलीने तिची छत्री वापरली, तिच्या डब्यातला कसावा खाल्ला, तिच्या वहीतल्या आकृत्या पळवल्या. तिने त्याचा टॉवेल नेला तो परत दिलाच नाही. लघवीच्या तपासणीच्या तासाला तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "मॅडम, हिच्या नमुन्यात खारं पाणी सापडलं." आणि प्रेमिला मॅडम चष्म्यावरून बघायच्या. प्रेम, प्रेम म्हणतात ते हेच का, असा विचार उनाइसीच्या मनात येऊन जायचा... पण ताउवूच्या बोलण्यात खरं किती आणि थट्टा किती, हे कुणी ओळखावं?

प्रेमिला मॅडमचा एकच मंत्र होता. "नाव चुकलं की माणूस चुकला. काचपट्टीवर नाव आधी आणि पेन्सिलीने. शाई रंगात धुऊन जाते, पेन्सिल राहते."

उनाइसीला सगळं जमायचं. जमायची नाही ती फक्त रक्ताची स्लाइड. बोटाचा थेंब काचेवर घ्यायचा, दुसरी काच तिरकी टेकवून एका दमात पुढे ओढायची. रक्ताचा थर पातळ, जिभेच्या आकाराचा पसरायला हवा. तिचा हात नेमका मध्येच थबकायचा आणि लापशीसारखा जाड गोळा तयार व्हायचा. दोनदा ती नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की शिष्यवृत्ती बंद, आणि पोरीने परत खारफुटीत खेकडे धरायचे.

इसिकेलीचा हात मात्र असा फिरायचा की मॅडमसुद्धा बघत राहायच्या.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी ज्याने त्याने आपलंच बोट टोचायचं होतं. तिची स्लाइड पुन्हा बिघडली. डोळे भरून आले. तिने ती तशीच रंगवून वाळायला रॅकवर ठेवली. शेजारी इसिकेलीच्या बोटाचं रक्त थांबत नव्हतं. तिने कापूस दाबून धरला. एक बोळा भिजला, मग दुसरा.

"कोरोचं रक्तसुद्धा आगाऊ," ती नाक पुसत म्हणाली. "थांब म्हटलं तर थांबत नाही."

"तू हात धरलास ना... कशाला थांबेल ते?"

ती लाजली. कापसाकडे बघायचं सोडून त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. पुढे जन्मभर तिने स्वतःला त्याबद्दल क्षमा केली नाही.

*

शुक्रवारी मॅडमनी तिला एकटीला बोलावलं.

"उनाइसी, किती सुरेख स्लाइड केलीस गं..." असं म्हणताना त्यांचा हात सूक्ष्मदर्शकावर होता. मग त्यांचा आवाज खाली गेला. "ही तुझीच ना? नाव तर तुझंच आहे."

तिने भिंगाला डोळा लावला. शहाण्यासारख्या, मोजक्या असायच्या त्या पांढऱ्या पेशींच्या जागी मोठ्या, कच्च्या, अर्धवट पेशींची झुंबड उडाली होती. रक्ताच्या कर्करोगाचं ते पान पुस्तकात तिने स्वतः अधोरेखित केलं होतं.

"सोमवारी पुन्हा रक्त घेऊ," मॅडम म्हणाल्या. "कधीकधी काही नसतंही, बेटा." पण हे सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

इतकी सुरेख स्लाइड आपल्या हातून झालीच कशी, हा प्रश्न तिला त्या घटकेला पडला नाही. मरण समोर दिसलं की माणूस हस्ताक्षर बघत नाही.

*

शनिवारी दुपारी समुद्राच्या कठड्यावर तिने त्याला सांगितलं. आभाळ राखाडी होतं, पाणी राखाडी होतं.

"मला ल्युकेमिया आहे."

"खेकड्यांना होतो?" तो हसला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "कुणी सांगितलं?"

"स्लाइडने. परीक्षेच्या."

कानावरची पेन्सिल काढून त्याने बोटांत फिरवली, पुन्हा कानावर ठेवली.

"उनाइसी... ती स्लाइड माझी आहे."

"आज नको."

"ऐक तरी—"

"आज तरी ताउवू होऊ नकोस रे! एक दिवस माणसासारखा बोल."

"मी बदलली रॅकवर. तुझं नाव खोडून माझं लिहिलं, माझ्या काचेवर तुझं. ताउवूची वस्तू उचलायला विचारायचं कशाला? तू नापास होऊन गेली असतीस तर..." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तर मी बाबाकाऊ कुणाचे खायचे?"

तिला वाटलं, जसा घास उचलला तसं हा माझं मरणही उचलू पाहतोय. वेडा. तिला त्याचं इतकं प्रेम वाटलं आणि इतका संताप आला की तिने मूठ वळून त्याच्या दंडावर एक गुद्दा हाणला आणि रडत निघून गेली.

*

सोमवारी मॅडमनी तिचं रक्त घेतलं, स्लाइड केली, भिंगाखाली धरली. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या आणि गोंधळून गेल्या. उनाइसीने परीक्षेची स्लाइड हातात घेतली. कडेला पेन्सिलीने तिचं नाव होतं. अक्षर मात्र उजवीकडे कललेलं... तिच्या छत्रीच्या मुठीवर इसिकेलीने 'चिखलाची राणी' असं लिहिलेलं होतं ना, तेच.

त्या क्षणी तिच्या मनात पहिला विचार कुठला आला, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. पहिला विचार आला, मी नाही. मी वाचले. छातीवरचं ओझं उतरलं, श्वास मोकळा झाला. आणि मग दार उघडून इसिकेली आत आला. त्याने शर्टाची बाही वर केली. दंडावर तिच्या मुठीची चारही बोटं निळी-जांभळी उमटली होती.

"रग्बीत लागतं म्हणून सांगत होतो सगळ्यांना," तो म्हणाला. "आता म्हणायचं, बायकोने मारलं."

ती हसली नाही. तोही नाही.

*

डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं. रक्त चढवलं, पुन्हा चढवलं. उनाइसीचा रक्तगट जुळला, तिनेही दिलं. पिशवीवर त्याचं नाव लिहिताना मॅडमनी दोनदा तपासलं, तिने पाच वेळा.

"झालं!" पलंगावरून तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते, हिरड्यांना रक्त लागलेलं. "आता चिखलाचं रक्त अंगात गेलं. उद्यापासून मी खेकड्यासारखा आडवा चालणार."

"चाल. पण चाल."

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. जहाज दुपारी सुटणार होतं. धक्क्यावर पाऊस होता. खोबऱ्याची पोती आणि केरोसीनचे डबे रचलेले होते. त्याची आई चटईत गुंडाळलेलं सामान सांभाळत थोडी दूर उभी राहिली, मुद्दामच.

"मॅडमनी स्लाइडची आणखी एक संधी दिलीय, ती परीक्षा चुकवून येऊ नकोस," तो म्हणाला. "पास हो. पण नंतर ये. तेव्हा."

"कधी?"

"तुला माहीत आहे कधी. ताउवूने यायचंच असतं. सगळे रडत असतात, ताउवूने हसवायचं असतं. आमची माणसं साधी आहेत, फार रडतील... त्यांना हसव."

"मला नाही जमणार."

"स्लाइडही तुला कधी जमली नाही," तो म्हणाला. मग एकदम हळू आवाजात, "उनाइसी, तुझी एकच वस्तू मी न विचारता उचलली नाही. म्हटलं, ही विचारून घेऊ. पुढच्या वर्षी, पास झाल्यावर, माझे मामा तुमच्या गावी येतील देवमाशाचा दात घेऊन, रीतीने मागणी घालायला..."

"ती वस्तू बसस्टँडवरच गेली होती रे," ती म्हणाली. "तळणाऱ्या मावशींनी पाहिलंय."

जहाजाचा भोंगा वाजला. त्याने तिचा हात हातात घेतला. इतका हलका, की पाऊसच हाताला लागल्यासारखा.

*

सात आठवड्यांनी निरोप आला. उनाइसी पास झाली होती, तिच्या कोऱ्या कोटावर तिचं नाव शिवलेलं होतं. प्रेमिला मॅडमनी कधी कुणाला प्रयोगशाळेतली काचसुद्धा बाहेर नेऊ दिली नव्हती. त्यांनी परीक्षेतली ती एक स्लाइड रुमालात गुंडाळून तिच्या खिशात घातली.

कोरोच्या त्या घरात चटयांवर बायका हुंदके देत होत्या. शवपेटीशी त्याची आई. आणि उशाशी, त्याच्या कानाजवळ ठेवलेला पेन्सिलीचा तुकडा.

उनाइसी दारात उभी राहिली. सगळ्यांनी वळून पाहिलं. चिखलाकडची ताउवू आली.

"हा चोर आहे!" ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्या दिवशी माझा बाबाकाऊ चोरला! मग छत्री! मग परीक्षेत माझी स्लाइड! नालायकाने माझं दोन पिशव्या रक्तही नेलं, आणि आडवा चालला का? एक दिवस नाही!"

कोपऱ्यातून कुणी फिस्सकन हसलं. मग एक म्हातारी हसली. मग त्याची आई, रडता रडता, पोट धरून.

"आता माझी पाळी," उनाइसी म्हणाली, पुढे झाली आणि उशाजवळची पेन्सिल उचलून तिने आपल्या कानावर ठेवली. "विचारत नाही!"

घर हसलं. रीत पूर्ण झाली. ती शवपेटीकडे पाठ न करता बाहेर आली, पाण्यापर्यंत चालत गेली आणि खिशातली स्लाइड काढून हातात धरली. त्याचं रक्त, त्याचं अक्षर, तिचं नाव. पाऊस काचेवर पडत होता. पेन्सिल धुऊन जात नव्हती.

"कोण म्हणालं होतं तुला बदलायला?" ती समुद्राकडे बघून ओरडली. "मी झाले असते नापास! पण तू राहायला हवा होतास! कोण म्हणालं होतं?"

ताउवूवर रागवायचं नसतं. रागावला तो हरला.

उनाइसी हरली.