मावशीच्या गाडीतला हरवलेला दिवा

"उद्या सकाळी माणूस येतोय गाडी न्यायला," मावशी म्हणाली आणि कुणाकडेही न बघता जेवू लागली.

तिघांचे घास हातातच राहिले. ताई, तिचा धाकटा भाऊ चष्मिस आणि मावसभाऊ टिल्लू सुट्टी लागली की मावशीकडे यायचे ते मुळी त्या गाडीसाठीच! मावशी लोकांना गाडी शिकवायची. गाडी निळी, लहानशी, आणि शेजारी बसणाऱ्या मावशीच्या पायाखालीही एक ब्रेक. मागे गप्प बसायचं, कुणी चुकलं तरी फिदीफिदी हसायचं नाही, एवढ्या अटीवर ती तिघांना दिवसभर बरोबर न्यायची. उन्हात तापलेल्या त्या सीटचा वास आज इतक्या वर्षांनंतरही त्यांना आठवतो. काय दिवस होते ते!

"पण विकायची कशाला?" टिल्लू रडवेला झाला.

"धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली. उभी असली की थरथरते. पास झाली नाही तर तिच्यावर शिकवता येणार नाही. दुसरी गाडी मला झेपायची नाही. शिकवणं बंद!" मावशीने ताट बाजूला सारलं.

"इंजिनचं वयच झालंय हो," ब्रेककाका घाईघाईने म्हणाले. हे मावशीचे मदतनीस. शिकवताना त्यांचा पाय ब्रेकवरून हलायचा नाही, म्हणून हे नाव. "साधा बिघाड असता तर इंजिनचा दिवा नसता का लागला?"

दुपारची जेवणं झाल्यावर तिघं गाडीत जाऊन बसले. निरोप घ्यायला, दुसरं काय! टिल्लूने किल्ली अर्धी फिरवली. तेवढी परवानगी मावशीने दिली होती. समोर लाल-पिवळे दिवे लागले.

"थांब!" चष्मिस ओरडला. "इंजिनचा दिवा कुठाय?"

"लागला नाही म्हणजे इंजिन ठीक आहे, शहाण्या!"

"अरे ढ! किल्ली फिरवली की सगळेच दिवे लागायला हवेत. गाडी सुरू झाली की विझायला हवेत. मावशी पहिल्याच दिवशी शिकवते हे!"

ताईने वाकून पाहिलं. कोपऱ्यात दिव्यांवरच्या काचेवर काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा होता! मावशी नेहमी शेजारच्या सीटवर बसायची; शिकणारं कुणी नसलं तर गाडी काका चालवायचे. तिकडून तो दिसणं शक्यच नव्हतं.

"काढू?" टिल्लूचे हात शिवशिवत होते.

"अजिबात नाही! ज्याने लावलाय, त्यालाच बोलू दे," ताई म्हणाली. मावशी गाडीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली तशी तिने साळसूद चेहरा करून हाक मारली, "काका! आम्हाला दिवे शिकवा ना!"

काका खुशीत येऊन स्टिअरिंगमागे बसले. "हा बॅटरीचा. हा तेलाचा. हा हँडब्रेकचा..."

"आणि हा कोपऱ्यातला?"

"तिथे? तिथे काही नाही!"

"तुम्ही शिकवता त्या भिंतीवरच्या दिव्यांच्या तक्त्यात तर आहे!" चष्मिस म्हणाला.

मावशीने खिडकीतून हात घातला आणि पट्टी सोलून काढली. पिवळा दिवा लख्ख दिसला. तिने काकांना गाडी सुरू करायला लावली. बाकीचे दिवे विझले, हा काही विझेना! काकांचा चेहरा पडला.

"मीच एअर फिल्टर बदलला होता," ते पुटपुटले. "दुसऱ्या दिवशी हा लागला. तुम्ही ओरडाल म्हणून... शिवाय शिकणारी माणसंही घाबरून मधेच थांबायची."

"ऐका!" टिल्लू पुढे धावला. "आतून फुस्स आवाज येतोय!"

"हात लावू नकोस!" मावशीने त्याला मागे ओढलं. समोरच्या गॅरेजातले मेकॅनिक आले, त्यांनी बॉनेट उघडलं. फिल्टरपाशी एक रबरी नळी निसटून लोंबकळत होती. तिच्या जागेतून हवा नको तिथे आत शिरत होती. त्यांनी इंजिन बंद करून नळी घट्ट बसवली, पुन्हा सुरू केलं. थरथर गायब! मग यंत्र जोडून त्यांनी बिघाडाची नोंद पुसली आणि दिवाही विझला.

गाडी नीट फिरवून तपासून झाल्यावर सगळे संध्याकाळी धुराच्या तपासणीला गेले. तिघं रांगेत श्वास रोखून उभे होते. तपासणारा माणूस म्हणाला, "पास!" आणि टिल्लूने अशी आरोळी ठोकली की चार गाड्यांचे ड्रायव्हर बाहेर आले.

मावशीने तिथूनच फोन लावला. "उद्या येऊ नका. गाडी विकायची नाही." मग ती काकांकडे वळली. "आणि तुम्ही! उद्या पहिल्या धड्याला बसायचं. विद्यार्थी म्हणून!"

काकांनी मान डोलावली. मावशीने तिघांना जवळ घेतलं. "शाब्बास रे! तुम्ही नसता तर मी चांगली गाडी घालवून बसले असते," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

परत निघताना ती पुढचं दार उघडून सरळ स्टिअरिंगमागे बसली. तिघं बघतच राहिले. इतक्या सुट्ट्या त्या गाडीत घालवल्या, पण मावशीला स्वतः गाडी चालवताना ते पहिल्यांदाच बघत होते.