रशियन नाटकाला घातलेलं गाऱ्हाणं

गेल्या गुरुवारी रात्री नऊ चाळीसला रशियन नाटकाचा पडदा पडला, आणि तिथूनच हे सुरू झालं.

काल रात्री इथे आखातात, रिग्गईला, आमच्या गच्चीवर जगन्नाथकाका बिल्डिंगमधल्या पोरांना तीच गोष्ट सांगत होते. काका स्टेज उभारणाऱ्यांचे मुकादम. "माझ्या ओळखीचा एक जण," एवढंच म्हणतात. तो एक जण म्हणजे माझे मिस्टर. मी लेकीला, अंतराला, खांद्यावर घेऊन ऐकत उभी.

"नाटक हसवता हसवता रडवणारं, पण सगळं रशियन. आपल्याला ओ की ठो कळेना. हा कुडाळचा गडी, दशावतारात वाढलेला. खेळाआधी स्टेजवर गाऱ्हाणं घातलं ह्यानं. 'जो कोण हयचो राखणदार आसात, तेणी पुढच्या खुर्चेर येवन बसाचा, खेळ पार पाडूचो रे म्हाराजा!' आम्ही आपले मजेत ओरडलो, व्हय म्हाराजा!"

"अंकल, रशियन लोक पळाले नाहीत?" आर्यन म्हणाला. पोरं खिदळली.

"खेळ झाला. लोक गेले. हा हातोडी विसरला म्हणून एकटाच आत गेला. तिथल्या खुर्च्या माणूस उठला की आपोआप मिटतात. सगळ्या मिटलेल्या. पुढची एक... उघडी."

काकांनी हातानंच खुर्ची मिटून दाखवली.

"ह्यानं मिटली. वळून बघतो... पुन्हा उघडी. बाहेर ट्रक हॉर्न देतोय, सामान शुवैखला बंदरावर न्यायचं. हा पळाला. बोलावलेल्याला परत धाडायचं राहिलं."

"मग?"

"मग काय... घरी गेला."

घरी गेला! मला ओरडावंसं वाटलं. त्या रात्रीपासून माझी दीड वर्षाची पोर झोपत नाही. अंधारात भिंतीकडे बघून खदखदून हसते. मग रडते. मग एकदम... गप्प. डॉक्टर म्हणतात, दात येतायत. ह्यांना म्हटलं, जाऊन त्याला परत धाडा. तर म्हणतात, "हॉल बंद झालो गे, चावी मागान काय सांगू? नोकरी घालवशीत माझी!"

आज पहाटे जाग आली. अंतरा उठून बसलेली. हसत नव्हती. रडत नव्हती. तिचे हात हातात घेतले...

तळवे लालभडक. सुजलेले. रात्रभर टाळ्या वाजवाव्यात तसे.

मी शेजारीच होते. आवाज आला नाही.

बायांनो, त्या हॉलवर साफसफाईला, वायरिंगला, कशालाही कुणी जाणार असेल तर त्याला हात जोडून सांगा. पुढच्या रांगेकडे तोंड करून एवढंच म्हणायचं, 'खेळ संपलो रे म्हाराजा, आता आपल्या जाग्यार जावचा.' ज्याला त्याला सांगा. माझ्या पोरीसाठी सांगा.