पुस्तकात नसलेला पहारेकरी

"शील सकाळी घेतलं, त दिवसभर सांभाळाचं राहते, दीप्ती..." वंदनेची मेणबत्ती लावता लावता आई म्हणायची. पाच शीलांतलं खोटं न बोलण्याचं शील मला सगळ्यात सोपं वाटायचं. मी बोलतेच मुळी कमी.

त्या रविवारी मी मावसबहीण पिंकीला किल्ली द्यायला जरीपटक्याच्या बाजारात गेले होते. कापडदुकानाच्या माडीवर, वाळ्याचा वास सोडणाऱ्या कूलरसमोर पिंकी धरून चार जण गोष्टीचा खेळ खेळत होते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. सांगणारा होता अमोल. समोर जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि त्यातली गोष्ट तो स्वतः रचलेल्या मुलखात आणून बसवत होता. बर्फातलं गाव त्यानं कन्हान नदीच्या काठी आणलं होतं, भर वैशाखात. सराईच्या जागी चहाची टपरी...

मी दारातच थांबून ऐकत राहिले. गोष्टीतला म्हातारा थरथरत येऊन जाळाशी बसला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वैशाखात शेकोटी?"

सगळे हसले. अमोलनं पुस्तकात पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले. "बर्फ काढला, शेकोटी राहून गेली," तो म्हणाला. "तुम्ही... बसता का? अशा चुका सांगणारं कोणी पाहिजेच मले."

मी बसले. मग दर रविवारी बसू लागले.

नुसती नावं कोणीही बदलेल. अमोल आधी विचारायचा, इथल्या माणसाला भीती कशाची वाटेल? पुस्तकातले लांडगे काढून त्यानं आटलेली विहीर घातली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

एका रविवारी गोष्टीत वेस आली. पुस्तकाप्रमाणे पहारेकऱ्याला थाप मारूनच आत जाता येत होतं. माझी पाळी आली आणि मी हळूच म्हटलं, मी खोटं नाही बोलणार, खेळातही नाही. खेळणाऱ्यांतल्या रोहितनं कपाळाला हात लावला. पिंकी म्हणाली, "काय वं, इथं कोणते भंतेजी शील तपासाले बसून राहिले?" मला उठून जावंसं वाटलं.

अमोलनं मात्र पुस्तक मिटलं. त्याचा पहारेकरी जांभई देत बोलू लागला, की दिवसभर थापा ऐकून कान किटले; बाई, तुम्ही खरंच काहून आल्या ते सांगा. मी सांगितलं. वेस उघडली. अमोल अशा नजरेनं पाहत होता, की मी फासा उगाच ओंजळीत घोळवत राहिले.

पुढे कधीतरी, जिना उतरताना, तो थांबला. "आता कोणतंही पुस्तक उघडलं, की वाटते... दीप्ती इथं काय म्हणेल?"

"हे खेळाबद्दल आहे?"

"नाही," तो म्हणाला. मी कठडा घट्ट धरला आणि होकाराची मान डोलावली. त्याला ते पुरलं.

पण तो भिवापूरच्या शेतकरी घरचा, हिंदू, आम्ही बौद्ध. बाबांनी माझ्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली होती. अमोलनं यावरही तोड काढली. बाबांना सांगायचं, आमच्या घरचा होकार आहे. तिकडे मागून मनवू. मुलाकडचा होकार ऐकला, की बाबा पुढचं विचारणारच नाहीत; त्यांच्या स्वभावात ते इतकं नेमकं बसत होतं, की मला भीतीच वाटली.

"अमोल, माझ्या बाबांसाठी गोष्ट बसवू नको."

"अन् ते नाही म्हणाले तर?"

"तर खरं ऐकून नाही म्हणतील."

"खरं सांगाचं, त माझ्या घरी अजून कोणाले माहीतच नाही, हे बी सांगा लागते."

"हो."

"मग... आधी भिवापूर. येत्या रविवारी. तिथून तुझ्या घरी, जे होईल ते घेऊन." त्यानं हात पुढे केला. मी त्यावर माझा ठेवला—पहिल्यांदाच.

रविवारी खुर्च्या मांडून झाल्या. अमोल आला आणि पुस्तक रोहितपुढे ठेवत म्हणाला, "आज तू सांग." तो खाली उतरला. मी गॅलरीत गेले. त्यानं एकदा वर पाहिलं, हेल्मेटचा पट्टा लावला आणि गाडी भिवापूरला जाणाऱ्या उमरेड रोडकडे वळवली.