तीन गावांची वात

पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं होतं — "वात मिळेल."

मी हसले. कामरगावच्या भर बाजारात, झेंडूच्या ढिगासमोर, एकटीच… ढिगामागच्या पोरानं मान वर केली.

"काहून हसून राह्यली?"

"आमच्या तांड्यात वात फुकट मिळते."

"फुकट?" त्यानं दोन्ही हात पुढं केले. "मंग मलेही दे थोडीशी!"

"घेऊन तर राह्यला कवाचा. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत वात म्हणजे बोलणं… गोष्ट."

त्याचे हात तसेच राहिले — रिकामे, झेंडूनं पिवळे झालेले.

तो आदर्श, कामरगावच्या माळ्याचा पोरगा. मी निता, इंझोरीकडच्या तांड्यातली, तिथल्या प्रमुखाची, हेमसिंग नायकाची लेक. याच शब्दावरून शाळेत अख्खा वर्ग मला हसला होता. "गोष्टीला वात म्हणतात का कुठे?" म्हणतात. माझी याडी, म्हणजे आई, म्हणते; तिची याडी म्हणायची. दुसऱ्याची भाषा येत नाही म्हणून तिलाच अडाणी ठरवायचं — एवढी स्वस्त हुशारी बाजारातही मिळत नाही.

हा मात्र हसला नाही.

"माही आजी गुडघ्याले तेल चोळते न… तिच्या गुडघ्यात बी वातच हाये."

"तो वारा. अंगातला."

"अन् तू आल्यापासून मले वात आणून राह्यली, तो कोणता?"

"तो सगळ्यात खरा!"

त्यानं मोबाइल काढला, शब्दकोश उघडला. एकाच काचेवर दोघांची डोकी वाकली. त्याच्या सदऱ्याला ओल्या मातीचा वास होता. दिव्याची वात निघाली 'वर्ति'पासून. वाऱ्याचा वात मुळातच संस्कृत, वाहणारा. आणि आमची? ती 'वार्ते'तून आली… झिजत झिजत, राजस्थानातून, मिठाच्या गोण्यांबरोबर, बैलांच्या पाठीवर बसून.

"म्हंजे हे तिन्ही शब्द सख्खे नाहीत?" त्यानं विचारलं.

"चुलतही नाहीत. तीन गावांच्या तीन बाया… अन् नदीवर भेटल्या तं तिघींच्या अंगावर एकच लुगडं."

तो पुठ्ठ्याकडं बघत राहिला. त्याचं स्वतःचंच अक्षर होतं, पण कोणीतरी मोठं माणूस दारात उभं असावं तसा तो बघत होता. माझ्या अंगावर काटा आला. दोन अक्षरं! हजार वर्षं चालून आलेली, आणि एका पुठ्ठ्यावर मावलेली.

"ओ भाऊ, फुलं तोलता का मी जाऊ?" एक बाई ओरडली. त्याला ऐकूच आलं नाही.

पुढच्या बाजारालाही मी गेले. त्याच्या पुढच्यालाही. झेंडू नको होता.

दिवाळी आली. अमावास्येला आमच्यात मेरा असतो. लग्न न झालेल्या पोरी दिवे घेऊन घरोघर जातात, समोरच्याला ओवाळतात, नात्यानं हाक मारून त्याचं भलं मागतात. याडी, बापू, भिया. भिया म्हणजे भाऊ. एकदा म्हटलं की म्हटलं. सगळा तांडा साक्षीला असतो.

त्याच दिवशी दिवेलागणीला आदर्श तांड्यावर फुलं घेऊन आला. सणाला आलेल्याला माझा बापू उपाशी जाऊ देईल? बाजेवर बसवलं, शेजारी स्वतः बसला. मेऱ्याचं पहिलं घर नायकाचं, म्हणजे आमचंच. आम्ही पोरी दिवे घेऊन दारात आलो. मी बापूला ओवाळलं… आणि हा शहाणा आपणहून उठला. डोक्यावर रुमाल टाकला, हात जोडले, हसत पुढं वाकला! त्याला वाटलं, मान मिळतोय.

मी त्याला मेऱ्याचं काहीच सांगितलं नव्हतं.

"म्हण न," मागच्या पोरींतल्या पल्लवीनं कोपर मारलं. "भिया म्हण."

ते त्यानं ऐकलं. हसू ओठांवरच थांबलं. मान वर झाली… डोळे माझ्याकडं.

वारा सुटला. ज्योत आडवी झाली. मी तळव्याचा आडोसा केला, तळवा भाजला तरी हलवला नाही. त्याची जात वेगळी, माझी वेगळी. मरेपर्यंत वेगळीच ठेवायची, यावर दोन्हीकडच्या लोकांचं एकमत. एक शब्द म्हटला की सगळे खूश. अगदी सगळे.

"नाही म्हणणार," मी म्हटलं. मराठीत, त्यालाही कळावं म्हणून. "बापू, ह्याले मी भिया म्हणणार नाही. आजही नाही… कधीच नाही."

सगळ्यांची भांडणं सोडवणारा माझा बाप त्या पोराकडं बघत बसला.

"तुह्या घरी माहीत हाये?"

"नाही…" आदर्शचा आवाज फाटला. "आजच सांगतो."

"आज नको. सण हाये. त्यायले गोड तं खाऊ दे." मग माझ्याकडं वळला, "अन् तू उभी काहून? बाकीची घरं वाट पाहून राह्यली न."

मी निघाले. दाराशी वळून पाहिलं — आदर्श अजून तसाच उभा होता, डोक्यावर रुमाल. आणि बापू बाजेवर थोडा सरकून त्याला जागा करून देत होता.