कबूतरवालीला अकरा उत्तरं

डॉक्टर चुकीच्या खोलीत शिरला, आणि शिरला तोही तणतणतच.

"तक्रार कुणाकडे करायची?" त्याने विचारलं. हातात भिजलेली छत्री, आणि छत्रीचं पाणी सरळ तिच्या कागदांवर.

"आधी छत्री बाहेर ठेवायची," ती म्हणाली. "मग तक्रार."

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ऑनलाइन शिकवणारी ती संस्था होती, आणि वर्गातल्या चर्चा कशा घडवायच्या हे ठरवणं हे तिचं काम. सगळं ऑफिस तिला चर्चावाली म्हणायचं. तो जनावरांचा डॉक्टर. सकाळी दवाखाना, आणि आठवड्यातून दोनदा जनावरं सांभाळणाऱ्या लोकांचा ऑनलाइन वर्ग.

"मी विचारलं, आजारी जनावराशी कसं वागावं," तो खुर्चीत बसत म्हणाला. "तीस जणांनी लिहिलं, प्रेमाने वागावं. उरलेल्या दहांनी लिहिलं, सहमत आहे. याला चर्चा म्हणतात?"

तिला हसू आवरेना. "चूक त्यांची नाही हो. तुमच्या प्रश्नाची आहे."

"माझ्या?"

"उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असेल तर कोण कशाला तोंड उघडेल? असं विचारा – कुत्रा वाचणार नाही. मालक म्हणतो, मुलांना सांगू नका. आणि मुलं नेमकी तुम्हालाच विचारतायत. काय सांगाल?"

"मागच्या आठवड्यात असंच झालं माझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नाही... सुचलं."

बोलताना ती त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती. पाहायला नको होतं, हे तिला पुढे बरंच उशिरा समजलं.

मग दर गुरुवारी तो बरोबर खोलीत येऊ लागला. येताना दोन कॉफ्या आणायचा. ती फळ्यावर आकृत्या काढून त्याला समजवायची. माणूस नुसतं ऐकून शिकत नाही, स्वतःचा अर्थ स्वतः जुळवतो, आणि दुसऱ्याशी वाद घालताना तो अर्थ पक्का होतो. म्हणून सहा-सहांचे गट करायचे. बुधवारपर्यंत प्रत्येकाने सगळ्या वर्गाला दिसेल असं आपलं उत्तर लिहायचं, रविवारपर्यंत निदान दोघांना प्रतिसाद द्यायचा. आणि शिक्षकाने शक्य तितकं तोंड बंद ठेवायचं.

"म्हणजे मी नकोच?"

"हवे आहात की," ती पटकन म्हणाली, आणि तिचे कान तापले. "म्हणजे... वर्गाला."

"वर्गाला," त्याने गंभीरपणे मान डोलावली. जरा जास्तच गंभीरपणे.

वर्ग सुरू झाला आणि चर्चा अशी रंगली की बघत राहावं. आपण घडवलेला वर्ग आपणच शिकून बघायचा, ही तिची जुनी सवय. तिने चर्चावाली याच नावाने नोंदणी केली आणि पहिल्या बुधवारी जीव ओतून उत्तर लिहिलं. खरं सांगायचं तर ते काही वर्गासाठी नव्हतं. वर्गाने मात्र तिला आठ-नऊ प्रतिसाद दिले. डॉक्टरने एकही नाही. दुसऱ्या बुधवारी तेच, तिसऱ्या बुधवारी तेच.

कुणी कुणाला किती उत्तरं दिली याचं एक चित्र कॉम्प्युटर दर सोमवारी काढून द्यायचा. माणसागणिक एक ठिपका, उत्तरांगणिक रेघ, आणि उत्तरं जास्त तितकी रेघ जाड. चौथ्या सोमवारी डॉक्टरच्या ठिपक्यापासून एक चांगली जाडजूड रेघ निघालेली दिसली. ती जात होती कबूतरवालीकडे. ही बाई जखमी पक्ष्यांच्या निवाऱ्यात काम करायची आणि स्वतःच्या फोटोच्या जागी कबूतर लावायची. तिला अकरा उत्तरं! चर्चावालीच्या ठिपक्याकडे मात्र डॉक्टरची साधी दोऱ्याएवढी रेघसुद्धा नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अकरा उत्तरं उघडून वाचावीत असं तिला वाटलं नाही. वाचायचं काय त्यात? अकरा म्हणजे अकरा.

घरी वहिनीने पहिल्या घासालाच ओळखलं. "कोण आहे गं तो?"

"कुठे कोण?"

"भाजीत दोनदा मीठ पडलंय. मीही घालायचे तुझ्या दादावर चिडले की. पण मी मुद्दाम घालायचे."

"वहिनी, एखाद्याने एकीला अकरा उत्तरं दिली आणि दुसरीला एकही नाही... तर काय समजायचं?"

"समजायचं कशाला? दुसरीने सरळ विचारावं, का रे बाबा?"

"आणि विचारायची लाज वाटत असेल तर?"

"मग सगळ्यांनी खारट भाजी खायची," वहिनी म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने वर्गाचे गट बदलले. जागा हलल्या बऱ्याच जणांच्या, पण हलवायचं होतं एकीलाच. कबूतरवाली शेवटच्या गटात गेली. त्या गटाकडे डॉक्टर नव्हे, त्याचा सहकारी बघायचा.

गुरुवारी डॉक्टरने विचारलंच. "गट का बदलले?"

"त्याला सिद्धांत आहे," ती कागदातून मान वर न काढता म्हणाली. "त्याच त्या माणसांत विचारही तेच ते फिरत राहतात. अधूनमधून मिसळावं लागतं."

"तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार," तो म्हणाला आणि तिची कॉफी तिच्यासमोर ठेवली. तो तिच्यावर असा डोळे मिटून विश्वास ठेवतो, हे बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा दिवसांनी तिच्या टेबलावर एक अर्ज आला. कबूतरवाली वर्ग सोडत होती. सोडणाऱ्याला फोन करून कारण विचारायचं, असा संस्थेचा नियम होता आणि ते काम चर्चावालीचं होतं.

"नव्या गटात माझं कुणी वाचतच नाही हो," पलीकडून आवाज आला. तरुण होता, आणि गोड होता. "मी लांबलचक लिहिते ना. जुन्या गटातही कुणी वाचायचं नाही, पण तिथे डॉक्टर होते. ते म्हणायचे, जिथे कुणी उत्तर देत नाही तिथे मी देतो." मग तिने विचारलं, "तुम्हीच ना त्या चर्चावाली? डॉक्टर प्रत्येक उत्तरात तुमचंच सांगायचे. हे त्यांनी कसं मांडलंय बघा, ते त्यांनी काय विचारलंय बघा. रागावू नका हं... मला तुमचा फार हेवा वाटायचा."

फोन ठेवल्यावर तिने ती अकरा उत्तरं उघडली. पहिल्यात ती स्वतः होती, दुसऱ्यात होती, सगळ्यांत होती. नवव्यात डॉक्टरने लिहिलं होतं, 'चर्चावालींचं उत्तर मी तीनदा वाचलं. तुम्हीही वाचा. मी त्यांना लिहीत नाही, कारण त्यांना काय लिहावं ते मला सुचत नाही.'

खरं तर तिने आनंदाने उडी मारायला हवी होती. पण एका भल्या बाईला आपण वर्गातून उठवलं, या विचाराने तिला स्वतःची शरम वाटली. तिने कबूतरवालीला जुन्या गटात घेतलं, पुन्हा फोन लावला, चूक सर्वस्वी माझी होती म्हणाली, परत या म्हणाली. कबूतरवाली एवढंच म्हणाली, "बघते."

तशीच उठून ती दवाखान्यात गेली. बाहेर भुरभुर पाऊस, आत औषधांचा वास. डॉक्टर एका मांजराच्या कानाला मलम लावत होता.

"अरे, तुम्ही? बरं झालं. जरा धरा हिला."

तिने मांजर धरलं. हात गुंतले की बोलणं सोपं जातं. "मी खोटं बोलले तुमच्याशी. गट सिद्धांतासाठी नाही बदलले. तुम्ही कबूतरवालीला अकरा उत्तरं दिलीत, मला एकही नाही. मला ते सहन झालं नाही. आता ती वर्ग सोडतेय. मी परत बोलावलंय, पण... येईल की नाही ठाऊक नाही."

त्याने मलमाच्या डबीचं झाकण लावलं. मग हात धुतले, आणि बराच वेळ धूत राहिला.

"मी रागावलोय," तो पाठमोराच म्हणाला. "त्या बाईला वर्गात दुसरं कुणी नव्हतं."

"हो."

"आणि तरी मला आनंद झालाय. त्याची मला लाज वाटतेय."

मांजराने तिच्या हातातून उडी मारली. कुणीच धरलं नाही.

"मला एकसुद्धा का नाही लिहिलंत?" तिचा आवाज ओला झाला.

"काय लिहिणार? चाळीस जण वाचतात." तो वळला. "तुमचं उत्तर येतं म्हणून मला बुधवार आवडतो. उद्या बुधवार म्हणून मंगळवार आवडतो. हे सगळ्यांदेखत कसं लिहू? तुम्ही आवडता मला... फार."

"मलाही," ती म्हणाली. "कधीपासूनच."

त्याने हात पुसून पुढे केला, आणि तिने तो घेतला. मग तो तिला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी घेऊन गेला. "चला. तिला आपण दोघं मिळून लिहू. आधी तिने काय लिहिलंय ते तरी वाचा."

कबूतरवालीचं लांबलचक उत्तर तिने पहिल्यांदाच वाचलं. पंख तुटलेल्या पाखराला रोज ओंजळीत घेऊन खिडकीशी बसण्याबद्दल होतं ते. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"चांगलं लिहिते हो," ती नाइलाजाने म्हणाली.

"सुंदर लिहिते," डॉक्टर म्हणाला.

"इतकं कौतुक नको," ती म्हणाली, आणि एका हाताने त्याचा हात घट्ट धरून दुसऱ्या हाताने उत्तर लिहायला लागली.