ढोकरीने घडवलेलं गवत

बुडाशी जांभळं गवत दिसलं की उपटायचं.

सहा पाय, दोन कॅमेरे. चिखलातून ढोकरी पक्ष्यासारखी दबकत चाल.

भाविकाच्या आईच्या मुठीत लोंब्या. धानाचा दाणा एकीतही नाही.

ढोकरी हे गावाचं निंदणी करणारं यंत्र. तिचा चिखल पुसायचं काम बारा वर्षांच्या भाविकाचं. दहा वर्षं, वर्षाला दोन पिकं, बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधलं, गवत ढोकरीनेच उपटलं होतं. यंदा मात्र अर्धी बांधी गवताचीच निघाली. यंत्र बिघडलं, उद्या मोडीत काढू, असं गावाने ठरवलं. भाविकाला ते पटेना. वनस्पतिशास्त्रज्ञ आबाजींना, म्हणजे आजोबांना, तिने बांधावर ओढत आणलं.

आबाजींनी सोबत कुंडी आणली होती. तिच्यात दहा वर्षांपूर्वी जपलेल्या बियांचं गवत होतं. बुडाशी जांभळं. बांधीतलं त्याच जातीचं गवत मात्र बुडाशीही हिरवं, थेट धानासारखं.

भाविकाने दोन्हींची बुडं निरखून पाहिली. "म्हणजे गवत ढोकरीला फसवायला शिकलं?"

"गवताला कुठलं गं डोकं?" आबाजी म्हणाले. "एकही रोप बदललं नाही. बदलत गेली ती पिढी."

मग त्यांनी सांगितलं, की एकाच गवताची रोपंही हुबेहूब सारखी नसतात. कुणी जन्मतःच जास्त जांभळं, कुणी जरा हिरवट (या फरकाला विविधता म्हणतात). जांभळी ढोकरीला दिसली, उपटली गेली. हिरवट उरली, त्यांचंच बी चिखलात पडलं. पुढच्या पिढीत हिरवी जास्त, आणि त्यांतलीही सगळ्यात हिरवी तेवढी वाचली. हीच नैसर्गिक निवड (टिकतात त्यांचेच गुण पुढच्या पिढीत जाणं).

"मग ढोकरी चुकली नाही."

"चुकली असती तर बरं झालं असतं. दहा वर्षं एकाच खुणेवर नेमकं काम केलं तिने."

 त्या कॅमेऱ्यांच्या काचा भाविका स्वतः लख्ख पुसत आली होती.

आबाजींनी धानाचं पान खोडापासून ओढलं. बेचक्यात पातळ पापुद्रा होता, गवताला नव्हता. ढोकरीला आता पापुद्रा बघायला शिकवू, असं म्हणता म्हणता भाविका थबकली.

"पण मग कधीतरी पापुद्र्याचं गवत उरेल."

"म्हणून दर हंगामात तिची नजर बदलायची. ते काम तुझं."

हे ऐकून गावाने ढोकरीला एका हंगामाची मुदत दिली. नवी खूण शिकवायला भाविकाने तिचं झाकण उघडलं.

हजारो वर्षांपूर्वी धान हेही रानगवतच होतं. ज्या रोपांचे दाणे पिकल्यावर गळत नसत, तीच माणसांच्या हाती लागली आणि त्यांचंच बी पुन्हा पेरलं गेलं.