सां पिएरची बाटली

दिगंबरकाका दारात निरोप देताना ‘या पुन्हा’ म्हणत नाही, म्हणून तुम्ही कार्टी त्याला खडूस म्हणता होय? मग ऐका, घर येईपर्यंत. आणि सुलेखा, मध्ये मध्ये ‘नो वे’ करायचं नाही.

१९८३चा ८ मे. रविवार, मदर्स डे. दिगंबर तेव्हा सिअ‍ॅटलला जिऑलॉजी शिकत होता. सोमवारी सेमिनार, म्हणून संध्याकाळी तो लॅबमधून एक बाटली घरी घेऊन आला. बाळाची, दुधाची, काच वितळून एका अंगाला वाकलेली. कॅरिबियनमधल्या सां पिएर गावची. १९०२ साली तिथला ज्वालामुखी फुटला आणि काही मिनिटांत हजारो माणसं होरपळून गेली. तारीख हीच, ८ मे.

“घरात तान्हं मूल आहे, आणि असलं काहीतरी आणता?” कांचनकाकू करवादली.

“अगं, नुसती काच आहे. उद्या परत नेतो.”

रात्री अकराला दार वाजलं. बाहेर एक बाई. केसांत, भुवयांवर करडी राख. कुठे आग लागली की काय, असं वाटलं त्याला. तिला इंग्लिश येईना. ओठ पार फुटलेले. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात, तसं त्याने दिलं. ती प्यायली. आणखी मागितलं. आणखी...

मग तिला टेबलावरची ती बाटली दिसली. बाटलीवरून नजर सरकली पाळण्याकडे. दीपाकडे.

दिगंबर मध्ये उभा राहिला.

ती बघत राहिली... भांडं ठेवलं... वळली. सुटलो बाबा, म्हणून हा दार लावायला गेला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “या हं पुन्हा!”

ती थांबली. मान डोलावली. गेली.

पहाटे कांचन किंचाळली. दिगंबर धावला. दीपा... हूं नाही की चूं नाही. त्याने तिला उचलून छातीशी धरलं. देवा, देवा...

आणि पोरगी रडली! अरे, मघाशी तुमच्याशी लपाछपी खेळली, तीच ही दीपा.

पण उशाशी तिची बाटली होती. वितळून, एका अंगाला वाकलेली.

“काका, ती जुनीच असेल!”

नाही रे नंदू. जुनी टेबलावरच होती. ही दीपाची. दुपट्याला करपल्याचा साधा डाग नाही. आणि आतलं दूध...

गार होतं.